काट्याला पारडी दोनच

सन एकोणीसशे त्रेपन्न साली मी तेवीस वर्षांचा होतो, आणि भिण्याच्या कामात माझ्या बायकोच्या मामांचा हात धरणारा माणूस भामा नदीच्या अल्याड-पल्याड दुसरा नव्हता. मी मराठी दुसरी शिकलेला माणूस आहे, पण जे लिहितो ते तोलून लिहितो. चाकणपासून तळेगावापर्यंत भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली. कुणी भुताला भितो, कुणी बायकोला, कुणी फौजदाराला. मामांच्या भीतीत असा पंक्तिभेद नव्हता. ते भुतालाही भीत आणि भूत उतरवणाऱ्या देवऋष्यालाही भीत. तळेगावला एका लग्नाला गेले तर स्टेशनात इंजिन फुसफुसत शिरताना पाहून ते जे पळाले ते थेट मांडवात जाऊन नवरदेवाच्या मागं लपले, आणि अक्षता पडेपर्यंत निघाले नाहीत. त्या लग्नात नवरदेवाला मामा दोन होते असं व्याही मंडळी पुढं कित्येक वर्षं सांगत. पिंपरीच्या माळावर सरकारी कारखाना येणार अशी आवई उठली, तेव्हा त्याचा भोंगा आपल्या वाडीपर्यंत ऐकू येईल का, ह्या एकाच काळजीनं ते चार दिवस जेवले नव्हते.

मामा आमच्या गावच्या बाजारात मापाडी होते. आता त्या जागी कंपनीचं गेट आहे, आणि शिफ्ट सुटली की तिथं पाऊल ठेवायला जागा नसते. तेव्हा तिथं शुक्रवारी कांदा, बाजरी आणि हुलगा यायचा, आणि चिंचेच्या फांदीला मामांचा काटा टांगलेला असायचा. पितळी पारडी, साखळ्या, वर लोखंडी दांडी. शेतकऱ्याचा माल आणि व्यापाऱ्याचं पोतं यांच्या मधे उभा राहणारा तो एकच माणूस, आणि तोही हा. तीस वर्षं त्यांनी तो काटा धरला. आमच्याकडं मापाडी मोजायला लागला की पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. लाभ, दोन, तीन, चार. इतर मापाडी हे बाजारापुरतं पाळत. मामांनी भीतीपोटी 'एक' हा आकडा घरातूनच हद्दपार केला होता. जेवताना मामीला म्हणत, "लाभ भाकरी वाढ." मुली किती, असं पाव्हण्यांनी विचारलं की म्हणत, "लाभ." पाव्हणा बिचारा गोंधळून मामीकडं बघायचा.

दुसरी भीती रिकाम्या पारड्याची. काटा रिकामा झुलू देऊ नये, बरकत उडून जाते, असं त्यांच्या बापानं सांगितलं होतं. म्हणून मामांच्या कनवटीला कायम जोंधळ्याचे दहा-बारा दाणे बांधलेले असत. सकाळी काटा टांगला की पारड्यात दाणा. संध्याकाळी उतरवला की पुन्हा दाणा. चाकणला दुसऱ्याच्या दुकानावरून जाताना तिथला काटा रिकामा दिसला, तरी हे हळूच वाकून एक दाणा टाकून पुढं होत. एकदा सोनारानं त्यावरून त्यांना चोर म्हणून धरलं होतं. सोनाराच्या काट्यात दाणा टाकणारा माणूस काही नेत नाही, उलट देऊन जातो, हे पटवायला मला वाडीवरून जावं लागलं.

पण सगळ्यांत मोठी भीती गिरणीवाल्यांची, आणि ती एकट्या मामांना नव्हती. आमच्या पाच वाड्यांत पिठाची गिरणी एकच. ज्यानं गिरणीवाल्यांशी वाकडं घेतलं त्याचं दळण न दळता परत यायचं, आणि तेवढ्यानं समजलं नाही तर कडब्याची गंजी पेटायची. पेटवताना कुणी कुणाला पाहिलं नाही. आम्ही पाहतच नव्हतो. सकाळी गिरणीचं इंजिन टुकटुक करायला लागलं की मामा बसल्या जागेवरून उठून उभे राहत. मी हसायचो. "मामा, इंजिन हाय ते. त्याला काय कळतंय?" तर म्हणत, "जावई, मालकाला कळतंय न्हवं."

आणि ह्याच माणसानं एका शुक्रवारी भर बाजारात गिरणीवाल्यांचं पोतं तोलून सांगितलं होतं, "पावणेदोन शेर कमी हाय." गिरणीवाले म्हणाले, "पुन्ना बघा." मामांनी पुन्हा बघितलं. पाय लटलटत होते, मुंडासं घामानं भिजलं होतं, दात वाजत होते. काट्याची दोरी धरलेला हात तेवढा स्थिर होता. "पावणेदोन शेर कमी," ते दुसऱ्यांदा म्हणाले, आणि काटा उतरवून ठेवल्यावर चिंचेच्या बुंध्याला धरून खाली बसले. घरी नेईपर्यंत त्यांना बोलता येत नव्हतं. मी विचारलं, "भीती वाटली न्हाई का?" म्हणाले, "भीती मला वाटती. काट्याला न्हाई वाटत."

त्रेपन्न साली पंचायतीची निवडणूक लागली. आमच्या वॉर्डाची जागा एक, आणि बाकीच्या जागा अशा वाटल्या गेल्या होत्या की ही जागा जिंकेल तोच सरपंच होणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. गिरणीवाले उभे राहिले. त्यांनी उघड सांगितलं होतं की सरपंच झालो की बाजाराचा काटा माझ्या भाच्याकडं. म्हणजे मामांची भाकरी तर जाणारच, पण त्याहून वाईट म्हणजे पाच वाड्यांचा माल गिरणीवाल्यांच्या वजनानं तोलला जाणार. त्यांच्या विरोधात दोघं उभे. छत्री चिन्हावर आमचे गुरुजी. मला दोन यत्ता ज्यांनी शिकवल्या ते. सोन्यासारखा माणूस, पण गावठाणात त्यांना कुणी विचारत नव्हतं. आणि घागर चिन्हावर दूधवाले आबा. माणूस वाईट नव्हता. फक्त माझ्या वरातीत माझा फेटा वाकडा झाला तेव्हा तो चारचौघांत मोठ्यानं हसला होता. त्या गोष्टीला चार वर्षं झाली होती आणि मी काही विसरलो नव्हतो. गिरणीवाल्यांनी चिन्ह वाटताना मुद्दाम मागून घेतला तराजू.

तेव्हा आजच्यासारखा शिक्का नव्हता की बटण नव्हतं. आदल्या वर्षीच्या मोठ्या निवडणुकीतल्यासारख्याच पेट्या आल्या होत्या. आडोशाला दर उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर चिन्ह चिकटवलेलं, आपण आपला कोरा कागद ज्याच्या त्याच्या पेटीत टाकायचा. आमच्या वाडीचं मतदान शाळेत, गावठाणाचं चावडीत, आणि मोजणीही तशीच वेगवेगळी. म्हणजे कुठल्या वाडीनं कुणाला किती दिलं ते उघड व्हायचं. गिरणीवाल्यांची माणसं आठ दिवस आधीपासून सांगत फिरत होती, "पेटीत आरसा हाय बरं का." आरसा असेल यावर माझा विश्वास नव्हता. पण त्याच आठवड्यात भर दुपारी गुरुजींची गंजी पेटली, आणि आमचं दळण गिरणीवरून न दळता परत आलं. बायकोनं पाटी खाली ठेवली आणि जातं पुसायला लागली. मत कुणाला, असं विचारलं की माणसं "बघू" म्हणत आणि खाली बघत. वाडीत मोठ्यानं बोलणं बंद झालं.

अशा वेळी मामांनी अंथरूण धरलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. पण बाजाराच्या दुपारी त्यांनी मला चिंचेखाली बोलावलं, इकडं तिकडं पाहिलं, आणि कांदे मांडायला लागले. "हे गिरणीवाल्याचं," म्हणून चाळीस कांदे एका पारड्यात. "हे आबाचं," म्हणून पस्तीस दुसऱ्यात. मग पंधरा कांदे माझ्या मांडीवर ठेवले. "हे तुमच्या गुरुजीचं. आता ठिवा काट्यावर."

मी म्हटलं, "कुठं ठेवू?"

"त्येच इचारतोय. काट्याला पारडी दोनच. तिसरं पारडं कुणी पायलंय? गुरुजी तुमच्या मांडीवर बसल्यात, आन् गिरणीवाला खाली गेलाय बगा." गिरणीवाल्यांचं पारडं खरंच खाली होतं. मामांनी माझ्या मांडीवरून आठ कांदे उचलून आबाच्या पारड्यात टाकले. दांडी हलली आणि आबाचं पारडं खाली आलं. "जावई, पाया पडतो. गुरुजीला मनात ठिवा. कागूद घागरीत टाका."

माझं डोकं तापलं. "मनात छत्री आन् पेटीत घागर? ही तर लबाडी झाली मामा."

"व्हय," मामा म्हणाले. "लबाडीच हाय. पर ती तुमची न्हाई, पेटीची हाय. पेटी तुमाला निम्मंच इचारती."

मग पुढं जे बोलले ते ह्या भित्र्या माणसाच्या डोक्यात कुठून आलं ते मला आजतागायत कळलेलं नाही. त्यांचं म्हणणं, मतही मापाड्याच्या न्यायानं तोलावं. तिघांचा माल आधी वेगवेगळा तोला. कुणाचा निम्म्याच्या वर गेला तर मिटलं. नाही गेला, तर ज्याचा सगळ्यांत हलका त्याला मानानं खाली उतरवा. त्याच्या माणसांना आधीच विचारून ठेवलेलं असावं, की तुमचा गडी उतरला तर तुमचा माल कुठल्या पारड्यात टाकायचा. तसा टाका, आणि उरलेल्या दोघांचा काटा करा. म्हणजे कुणाला मनाशी लबाडी करायला नको, आणि थोड्यांच्या जोरावर कुणी सगळ्यांच्या डोक्यावर बसायला नको. "पोरगी बगाया जाताना आपुन दोन ठिकाणं मनात धरतोच की," ते म्हणाले. "पयलं न्हाई जमलं म्हून कुणी बिनलग्नाचं ऱ्हातं का?" त्यांची भाची माझं पहिलं ठिकाण होतं की दुसरं, हे मी त्यांना तेव्हा सांगितलं नाही आणि इथंही लिहिणार नाही.

त्यांनी मला मामलेदाराला अर्ज लिहायला बसवलं. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण लिहिला. पहिली मागणी, सगळ्यांना मिळून पेटी लाभच असावी, आणि सगळ्या वाड्यांचे कागद आधी एका ढिगात कालवून मग मोजावे, म्हणजे कुणाची गंजी पेटणार नाही. दुसरी मागणी, माणसाला दुसरी पसंती सांगता यावी. शेवटी सहीची वेळ आली तेव्हा मामांचा रंग उडाला. अंगठा दिला की माणूस निम्मा सरकारजमा होतो, हे त्यांचं जुनं मत. मी म्हटलं, "मग खाली काय लिहू?" बराच विचार करून म्हणाले, "लिवा, लाभ घाबरलेला माणूस." मी तसंच लिहिलं. अर्ज गेला नाही. माझ्या ट्रंकेत आहे.

निघताना ते म्हणाले, "काट्याला हात लावून शपथ घ्या, घागर म्हून." मी म्हटलं, "मी शपथ घेत नसतो. शब्द दिला, संपलं." मामांना तेवढं पुरलं. भित्र्या माणसाचा दुसऱ्यावर विश्वास फार.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या दाराशी गिरणीवाल्यांचे दोन गडी बाकावर बसले होते. बोलत नव्हते, फक्त जाणाऱ्या-येणाऱ्याचं तोंड बघत होते. रांगेत एवढी शांतता की आत कागद पेटीत पडला तर बाहेर ऐकू येईल असं वाटायचं. तोंड मलाही कोरडं पडलं होतं, खोटं कशाला लिहू. माझ्या मागं आमच्या तालमीतले सहा गडी होते. मी टाकीन तिथं ते टाकणार, असं ठरलेलं. तेवढ्यात आबा रांगेजवळून गेला, आणि आपण किती निर्धास्त आहोत हे दाखवायला म्हणा की माझी भीड चेपायला म्हणा, हसून म्हणाला, "काय जावईबापू, आज फेटा सरळ हाय जनू!"

रांगेत दोघंतिघं हसले. भेदरलेली माणसं होती, हसायला कारण मिळालं, हसले.

मी आडोशाला गेलो. तीन पेट्या. घागरीसमोर हात नेला आणि तो हात माझा मीच मागं घेतला. कागद छत्रीत टाकला. गुरुजींनी मला वाचायला शिकवलं, मी लबाडी करणार नाही, असं मनाशी म्हटलं. बाहेर येताना तालमीच्या गड्यांकडं बघून पाची बोटं छत्रीसारखी उघडली.

मामांचा नंबर आला तेव्हा ते आत गेले आणि बाहेरच येईनात. अधिकाऱ्यानं दोनदा हाक मारली. शेवटी आले ते आंघोळ केल्यासारखे भिजलेले. माझ्याजवळ येऊन कानात म्हणाले, "घागर." आणि एवढं बोलल्याच्या भीतीनं पुन्हा गप्प झाले. बाकावरच्या गड्यांसमोरून घरी जाताना त्यांनी माझं मनगट धरलं होतं. माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ उठले. 'जावई, तुमी?' असं त्यांनी विचारलं नाही. शब्द दिलेला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी चावडीत मोजणी. आधी शाळेच्या पेट्या. अधिकाऱ्यानं तराजूची पेटी पांढऱ्या कापडावर उलटी केली. कागद पडले, आणि कागदांच्या मागून टपकन् एक जोंधळ्याचा दाणा पडला, घरंगळत कापडाच्या कडेला जाऊन थांबला.

चावडी हसली. पेटीत फूल सापडावं, कुंकू सापडावं, दाणा कुणी पाहिला होता? मामांचं तोंड मात्र पिठासारखं झालं. मला सगळं कळलं. समोर तराजू, आणि आपण कागद दुसरीकडं टाकणार, म्हणजे काटा रिकामा राहणार. तीस वर्षांचा हात. त्यांनी कनवटीचा दाणा काढून तराजूच्या पेटीत सोडला होता, आणि मग कागद घागरीत. सगळ्या गावाच्या नजरेपासून जे लपवण्यासाठी त्यांचा जीव जात होता, ते त्यांनी स्वतःच्या हातानं जाहीर केलं होतं. कनवटीला जोंधळा बांधणारा माणूस पाच वाड्यांत कोण, हे सांगायला आरसा लागत नव्हता.

गिरणीवाले हसले नाहीत. त्यांनी दोन बोटांत दाणा उचलला, उजेडाला धरला, आणि फार गोड आवाजात म्हणाले, "मापाडी, दाणा पावला. कागूद कुठं ऱ्हायला?"

मामा उभे राहिले. "काटा रिकामा ठिवत न्हाईत, मालक," ते म्हणाले. "कागदाचं ज्येचं त्येनं बघावं." एवढं बोलून खाली बसले. पाच वाड्यांत गिरणीवाल्यांना असं उत्तर त्याआधी कुणी दिलेलं मला माहीत नाही.

गिरणीवाले पाच मतांनी आले. आबा दुसरा. शाळेच्या पेटीत छत्रीला अकरा मतं होती. मामा माझ्या शेजारी बसून बोटांवर मोजत होते, ओठांतल्या ओठांत. "लाभ, दोन, तीन, चार." चार गुरुजींच्या घरची. मग बोट थांबलं. उरली सात. त्यांनी तालमीच्या गड्यांकडं पाहिलं, सहा होते. मग माझ्याकडं पाहिलं. मापाड्यापासून वजन लपत नाही. पाच मतांनी गेलेला काटा आणि माझी सात मतं. मी मान ताठ ठेवली. मला तेव्हा तेवढंच येत होतं. वाटलं, आता बोलतील. त्यांना माझीही भीती वाटत होती की काय कोण जाणे. दिवस मावळायच्या आत गिरणीवाल्यांचा निरोप आला, सकाळी काटा गिरणीवर आणून द्या. तेव्हा मामा एवढंच म्हणाले, "जावई, काटा जड हाय. याल का?"

त्यानंतर मामा आठ वर्षं जगले. काटा पुन्हा धरला नाही. कांद्याच्या चाळीत राखणीला बसायचे, आणि गिरणीचं इंजिन सुरू झालं की तिथंही उठून उभे राहायचे. पुढं एकच पेटी आली, शिक्का आला, आणि बऱ्याच वर्षांनी कागद कालवून मोजायला लागले. अर्जातली पहिली मागणी बिनसहीचीच मंजूर झाली, पण ती ऐकायला मामा नव्हते. दुसरी अजून आलेली नाही. अजून प्रत्येक निवडणुकीला तीन माणसं उभी राहतात, अजून पोरं मला विचारतात, "आजोबा, आवडत्याला देऊ का निवडून येणाऱ्याला?" आणि मी पारडी शोधतो. 'मामा, माझं चुकलं' हे तीन शब्द त्या आठ वर्षांत मला बोलता आले नाहीत. कुणापुढं वाकायचं नाही, असा माझा बाणा होता, आणि तो मी सांभाळला.

मोजणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांच्या दारात गेलो. काटा खांद्यावर घेतला. मामा पुढं चालले, मी मागं. आम्ही जाऊ तशी वाटेवरची दारं लागत गेली. गिरणीच्या ओट्यावर मी काटा ठेवला. मामांनी सवयीनं कनवटीतून दाणा काढला, पारड्यात टाकायला हात पुढं केला, आणि तीस वर्षांत कधी हलला नव्हता तो हात हलला. दाणा खाली पिठाच्या धुळीत पडला. मामा नुसते बघत राहिले. गिरणीवाले दारात उभे होते, त्यांचे गडी उभे होते. मी वाकलो, गुडघे टेकले, धुळीतून तो दाणा शोधून काढला, पुसला, आणि पारड्यात ठेवला.